न फाटणारा बेस

नको, तो नको, ठेवा खाली — निळे दिवे लागतात म्हणून सबवूफर घ्यायचा असता तर मी झुंबरांच्या दुकानात गेले असते. मी काय विचारलं, भाऊ, आणि तुम्ही काय दाखवताय? मी विचारलं, टिकेल कोणता. तुम्ही वॅट सांगायला लागलात. हजार वॅट, दोन हजार वॅट — अहो, खोक्यावर छापायला काय जातं, नुसती शाईच जाते. सतत किती सोसतो ते सांगा, क्षणभर किती ओरडतो ते नको, क्षणभर तर आमची शेजारीणही ओरडते. आणि असं पाठ करून फळीकडे बघत बोलू नका हो, गिऱ्हाइकाकडे तोंड करून बोलावं, एवढी तरी रीत — हां. आता कसं. काय म्हणालात? गाडी कोणती? जीप. ती काय दारात उभी आहे, धुळीनं माखलेली, तीच. मुलाची नाही, मुलानं पाठवलेलंही नाही. नवऱ्याची होती, ते गेले, आता माझी. चालवते कोण? मीच चालवते! हे बघा, आला तोच चेहरा. सगळ्यांचा येतो. येऊ दे, मला सवय आहे, तुम्ही आपले डबे दाखवा.

कुठं चालवते? खाणीवर. स्टँडपासून दगडखाणीपर्यंत आणि परत, माणसं नेते-आणते. तो रस्ता पाहिलाय तुम्ही? नाहीच पाहिलेला, नाहीतर वॅट सांगत बसला नसतात. रस्ता कसला — खडीचे ट्रक जाऊन जाऊन नुसते खड्डे उरलेत, आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये चुकून रस्ता राहिला असलाच तर तो आपल्या नशिबानं. टेकडीच्या वळणावर गाडी अशी आदळते की पुढच्याचे दात मागच्याच्या मांडीवर पडावेत. आणि मी हळू चालवत नाही. नाहीच चालवत! हळू नेलं की चाक खड्ड्यात उतरून बसतं, दामटलं की वरच्यावर निघून जातं. आमच्या ह्यांनीच शिकवलं, खड्ड्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही म्हणायचे. तर असा रस्ता, अशी मी, आणि मागच्या सीटखाली हा डबा. त्याचं काय होत असेल ते त्याला विचारा.

गाणी कशाला हवीत? हे तुम्ही विचारताय? गाण्यांच्या दुकानात बसून? अहो, माझ्या जीपला सगळे धडधडी म्हणतात. इंजिनमुळं नाही, बेसमुळं. दिवसभर दगड फोडून माणसं बाहेर येतात — अंगावर धूळ, डोळ्यांत धूळ, बोलायची इच्छा नाही कुणाला — आणि धडधडीत बसली की पहिल्या गाण्यालाच पाय हलायला लागतात. टेकडी उतरेपर्यंत मागं सगळे गात असतात, तोंडं अशी उघडी, अगदी घशापर्यंत दिसतं आरशात. दुसऱ्या जीप रिकाम्या उभ्या असल्या तरी माणसं माझ्यासाठी थांबतात. मीही खाणीतच होते आधी, दगड फोडायच्या मशीनपाशी, ऐन तारुण्य त्या मशीनच्या कुशीत गेलं, त्यामुळं मला ठाऊक आहे, तिथून बाहेर पडलेल्या माणसाला हलक्याफुलक्या गाण्यानं काही होत नाही. त्याला आतून हलवावं लागतं.

हा? हा जरा बरा दिसतोय. पण कड बघू — फोमची! परत फोमची. भाऊ, जुन्याला हीच होती. उन्हानं आणि धुळीनं फोम बिस्किटासारखा चुरतो, आणि कड गेली की पडदा सैल, आणि पडदा सैल झाला की फाटलाच म्हणून समजा. रबराची कड दाखवा. आणि पडदा कागदाचा नको, प्लास्टिकचा तरी हवा. आणि हे भोक कशाला? आवाज मोठा येतो? येत असेल, पण खाणीची सगळी धूळ त्या भोकातून आत जाऊन संसार थाटेल त्याचं काय? बंद डबा द्या. थोडा कमी घुमला तरी चालेल, पण तोंड मिटून काम करणारा द्या. आणि हे लाकूड — वाजवू दे — हे लाकूड नाही, दाबलेला भुसा आहे. वरून झकपक, आतून भुसकट. एकदा पाणी लागलं की फुगेल. प्लायवूडचा काढा. नाही म्हणता? तो वरचा काय आहे मग? शिडी लावा. आणि बसवताना पत्र्याला स्क्रू मारून मोकळं व्हायचं नाही, खालून पट्टी घ्यायची आणि आरपार बोल्ट, मागून वॉशर. तार उघडी पत्र्याला घासत न्यायची नाही. फ्यूज बॅटरीजवळ. — काय हसताय? माहितीये तुम्हाला सगळं? मग मघापासून दिवे कशाला दाखवत होतात?

एवढी चिकित्सा कशाला म्हणता? फाटला तर फाटला, कळेलच, आणून बदलून घ्या? तेच तर! नाही कळत. सगळ्यांना नाही कळत. ऐका — आमच्या स्टँडवर एक बाई आहे. आहे एक, जीप चालवते. मी नाही, दुसरी. हो, दोन बायका आहेत स्टँडवर, का, असू नयेत? तर तिच्या डब्याचा पडदा फाटला. आता फाटका सबवूफर कसा वाजतो ते तुम्हाला ठाऊक, चारचौघांत सांगण्यासारखं नाही ते. पण धक्का मारायचा तो मारतोच, सीटमधून पाठीत जेवढं लागायचं तेवढं लागतंच. त्यामुळं ही बाई आपली ठेक्यावर मान डोलावतेय, स्टिअरिंगवर बोटं वाजवतेय, आणि मागं अख्खी गाडी तोंडात रुमाल कोंबून हसतेय. आठवडाभर! मला वाटलं, मंडळी खुशीत आहेत — तिला वाटलं. तिला वाटलं, मंडळी खुशीत आहेत, आरशात हसरे चेहरे दिसत होते ना. शेवटी सुनेनं सांगितलं. किल्ली द्यायला स्टँडवर आली होती, तिनं ऐकलं, सरळ गाडीत चढली, गाणं बंद केलं आणि माझा चेहरा हातात धरून म्हणाली, आई, हे फाटलंय, कधीपासून फाटलंय? आणि मी त्या पोरीवरच खेकसले. ती बाई. ती बाई खेकसली तिच्या सुनेवर. मला कसं माहीत? बायका बोलतात एकमेकींशी. तुम्ही शिडीवरून उतरा आधी, पडाल.

झालं, मग सगळ्या स्टँडवर बोभाटा. आमच्या जीपवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे, मिशीवाला — मिशी एवढी की मागूनसुद्धा दिसते — तो म्हणतो, जिला स्वतःच्या गाडीतलं हे ऐकू येत नाही तिला हॉर्न काय ऐकू येणार? तिची गाडी स्टँडच्या नंबरातून काढून टाका. येत्या गुरुवारी तो स्वतः शेजारी बसणार आहे, खाणीपर्यंत आणि परत. वाटेत गाडीत काही बिघडलं आणि तिला कळलं नाही, की संपलं, स्टँडवर उभं राहायचं नाही. जणू स्टँड ह्याच्या सासऱ्यानं आंदण दिलंय! अहो, गाडी काय कानानं चालवतात? स्टिअरिंग कानात धरतात? डॉक्टरनं तपासून सांगितलंय, आरसे मोठे लावा आणि खुशाल चालवा. लावलेत की, बघा दोन्ही बाजूंना, केवढाले आहेत. मिशीवाल्याचे दोन्ही कान शाबूत आहेत ना, मग त्यानं जीप पुलाच्या कठड्यावर घातली तेव्हा ते कान कुठं ठेवले होते? माझ्या गाडीला आजवर — हं. तिच्या. तिच्या गाडीला आजवर ओरखडा नाही.

हा घ्या, हा बोलतोय माझ्याशी. रबराची कड, प्लायवूड, बंद डबा, वर लोखंडी जाळी — एवढा वेळ लपवून का ठेवला होता? लावा जरा. बारीक नको, पूर्ण. थांबा, हात ठेवू दे वर. झालं सुरू? हं. झालं. डोळे मिटते, म्हणजे नीट कळतं. वा. वा, भाऊ, ह्याच्या अंगात दम आहे — हा बघा, तळहाताच्या मधोमध ठोका येतोय, एक एक सुटा, जुन्यात सगळा नुसता गलका असायचा. आणि बोटांच्या टोकांना हे बारीक येतंय ते — अगं बाई, ओळखलं मी. ओळखलं गाणं! आमचे हे म्हणायचे चालवताना, अगदी बेसूर, आणि ठेका मात्र दारावर हात मारून बिनचूक धरायचे. त्यांचा आवाज मला अजून येतो, त्याला कान लागत नाहीत. बाकीचं सगळं गेलं. पाखरं गेली, कुकरची शिट्टी गेली, सून हाक मारते ती गेली, एकेक जण न सांगता उठून गेला. हे एवढं राहिलंय. पाठीला लागतं तेवढंच गाणं आता माझं आहे, आणि तेवढं मी कुणाला देणार नाही, मिशीवाल्याला नाही, मुलाला नाही, गाडी विकून घरी बस म्हणतो तो, घरी बसून काय ऐकू, भिंती? नाही देणार म्हणजे नाही —

काय? तुम्ही बोलत होतात? मला? केव्हापासून?

कोण ट्रकवाला? बाहेर? माझी जीप आडवी आहे, त्याला जाता येत नाही — बरं मग? हॉर्न मारतोय? अजून मारतोय?

बराच वेळ झाला का?

बंद करा ते गाणं. नाही, राहू दे, चालू दे, कशाला बंद करायचं. असं बघू नका माझ्याकडं. दुसरी बाई नाहीये स्टँडवर, मी एकटीच आहे, कळलं ना आता तुम्हाला? कळलं तर कळलं. उभ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला नाही, हो, नाही आला. चालत्या गाडीत माझे डोळे आरशात असतात, ट्रक अजून वळणामागं असतो तेव्हा मी त्याची धूळ पाहून बाजूला घेतलेली असते, आणि हे मिशीवाल्याला मी गुरुवारी दाखवणार आहे, तोंडानं एक शब्द न बोलता. पण डबा फाटायला नको, भाऊ. सगळं मी डोळ्यांनी सांभाळीन, हा एकच प्रकार असा आहे की फाटला तर मला कळायचा नाही, आणि ते हसणं — ते आरशातलं हसणं मी परत सहन करणार नाही. म्हणून मघापासून तुमचं डोकं खाल्लं.

सांगा त्या ट्रकवाल्याला, येतेय म्हणावं, बोंबलू नको. गाडी कडेला घेते, तुम्ही डबा आणि बोल्ट घेऊन या. बसवून झाला की तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, खाणीच्या रस्त्यानं नेते तुम्हाला, वळणावर न थांबता. जरा जरी फरफरला तर हात वर करायचा, की मी तिथूनच मागं फिरले आणि दुसरा बसवायचा. घाबरताय? घट्ट धरून बसा, दात सांभाळा. आणि आज इथं काय झालं ते कुणाला सांगायचं नाही — नाहीतर सांगा, खुशाल सांगा, माझ्या पाठीमागं काय हवं ते बोला, मला थोडंच ऐकू येणार आहे! चला, उचला तो डबा.