अटॅक मेव्हण्याला, पथ्य मला

...नाही, तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय? अटॅक आला मेव्हण्याला, पथ्य मला! झुंबरराव तिकडं इगतपुरीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये निवांत, आणि इथं नाशिकला मी, पाटबंधारे खात्यातला धडधाकट कारकून, रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून गंगापूर रोडनं पळत सुटल्यासारखा चालतोय, आणि बायको ओरडतेय, "अहो, हात हलवा! हात!" लोकांना वाटतं, भांडण झालं नि हा घर सोडून निघाला! एकानं तर मला थांबवलं. "सावळीराम, जाऊ दे रे, संसार आहे, चालायचंच." म्हटलं, बाबा रे, चालतोयच की!

तर झालं काय... त्र्याऐंशी सालची गोष्ट. झुंबरराव म्हणजे आमच्या हिचे, लंकाबाईचे, सख्खे थोरले भाऊ. रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगवर. माणूस असा की नुसता शेजारी उभा राहिला तरी आपण आजारी वाटायला लागतो! आणि बिडी? एक विझायच्या आत दुसरी पेटलेली. रविवारचे आमच्याकडं आले, मटण झालं, वर वनस्पती तुपातला शिरा झाला, आणि गप्पा मारता मारता एकदम गप्प. छातीवर हात. मला म्हणतात, "दाजी, लय खाल्लं वो... गॅस झालाय."

आता गॅस म्हटलं की आपल्याकडं जो तो डॉक्टर! शेजारच्या बायडाबाई ओवा घेऊन धावल्या, "चावा, चावा, वर गरम पाणी प्या!" मी म्हटलं, गोटीसोडा आणतो. समोरचे भिकनराव म्हणाले, "अंगणात दोन चकरा मारा, ढेकर आला की मोकळं." झुंबरराव उठायला लागले, आणि स्वयंपाकघरातून लंका बाहेर आली. हात खरकटे तसेच. भावाच्या तोंडाकडं बघितलं... नोव्हेंबरची थंडी, आम्ही सगळे स्वेटरात, आणि ह्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा!

"दादा, हात जड झालाय का?"

"हा डावा... अन् जबड्यापोतर कळ आलीय गं..."

"बसा! कुणीही ह्यांना चालवायचं नाही! हा गॅस नाही. हे हार्टचं आहे!"

आता हिला कसं कळलं? तर दिवाळीआधी आमच्या वसाहतीतल्या विहारात गांगुर्डे डॉक्टरीणबाईंचं हृदयरोगावर भाषण झालं होतं. मीही होतो ना! पण बाहेर, सिगारेट ओढत. ही पहिल्या रांगेत.

मागच्या गल्लीतला गेणू टेम्पो चालवायचा. विंचूरला कांदे टाकून आलेला, टेम्पो दारात उभा. ही ओरडली, "गेणूभाऊ, काढा गाडी!" तो बिचारा म्हणतो, "वैनी, टरफलं हायेत मागं, झाडून घेतो जरा..." "दादा तुमच्या टेम्पोत राहायला नाही येत! काढा!" मी नि भिकनरावांनी खुर्चीसकट उचललं झुंबररावांना. मागं बसलो, टेम्पो सुटला, आणि वाऱ्यानं कांद्याची टरफलं अशी उडायला लागली, जसा काही लग्नात अक्षतांचा मारा! हिनं भावाचं डोकं मांडीवर घेतलेलं. "दादा, बोलू नका. मी आहे." आवाज एकदम शांत... मी सहज खाली बघितलं, तर दोन्ही हातांनी भावाची कॉलर घट्ट धरलेली, सोडायला तयार नाही. पण आवाजाला कंप नाही! लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली म्हणा ना.

दवाखान्यात गांगुर्डेबाईच ड्यूटीवर. जिभेखाली गोळी, छातीला तारा, कागदाची पट्टी. पट्टी वाचून म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. ह्यांना चकरा मारायला लावल्या असत्यात तर..." भिकनराव माझ्यामागं लपायला लागले!

काही दिवस जीव टांगणीला होता. मग झुंबरराव सावरले, आणि माझे दिवस भरले! कारण लंका तिथं डॉक्टरीणबाईंना प्रश्नावर प्रश्न, आणि घरी येऊन मला धडा. "अहो, हृदय साऱ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःला नको का? त्याच्या त्या बारीक नळ्या. तुमचे पाट गाळानं भरले की शेवटच्या वावराला पाणी पोचतं का? तशी चरबी साचते नळीत. त्यात रक्ताची गुठळी अडकली की पुढचं वावर जळालं!" म्हटलं, वा! आमच्या साहेबाला कळलं नाही एवढं हिला पाटबंधारे कळलं! पण मग ती गाळ कशानं साचतो ते सांगायला लागली. बिडी-सिगारेट. वाढलेलं प्रेशर. साखर. तूप-तेल. बसून काम. आणि प्रत्येक शब्दाला माझ्याकडं अशी बघत होती... ऑडिटवाला कपाट उघडताना बघतो ना, तशी!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा. पारा चढला तो खाली यायला तयार नाही! झालं. सिगारेटी मोरीत. पापड, लोणचं शेजाऱ्यांकडं. वनस्पती तुपाच्या डब्यात तुळस. अटॅक मेव्हण्याला, पथ्य मला! मी म्हटलं, ठीक आहे, बाहेर खाऊ. मल्हारीच्या हॉटेलात गेलो, मिसळ सांगितली. मल्हारी मान खाली घालून म्हणतो, "वैनी येऊन गेल्या. तर्री बंद, शेव बंद. मटकी देऊ का नुसती, उकडलेली?"

आणि एकटा मी नाही हो! विहारात डॉक्टरीणबाईंना बोलावून हिनं अख्खी वसाहत तपासायला बसवली. भिकनरावांना साखर निघाली. गेणूचं प्रेशर निघालं. सगळे मला शिव्या देत होते, आणि पथ्य करत होते. मनातनं सांगू? अभिमान वाटायचा मला. तिच्यासमोर नाही, मनातनं!

मग उन्हाळ्यात झुंबरराव तपासणीला आले. बिडी सुटलेली, तब्येत झकास. गांगुर्डेबाई सहज म्हणाल्या, "तुमचे वडील कशानं गेले?" झुंबररावांच्या आधी हीच बोलली. "छातीत कळ आली म्हणून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. म्हणून तर दादांना जपायला पाहिजे बाई, रक्तातच आहे त्यांच्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "आणि तुमचे वडील वेगळे होते का?"

"लंकाबाई, सगळी वसाहत माझ्यासमोर बसवलीत. तुम्ही कधी बसलात?"

"मला काय धाड भरलीय? जिना चढताना जरा दम लागतो, पाठीत भरून येतं, मळमळतं... बाईमाणसाला असतंच की हो."

"बाईमाणसाला हृदय नसतं का?"

पट्टा बांधला. माझ्यापेक्षा चढा पारा! तारा लावल्या, पट्टी काढली. नळ्यांना त्रास सुरू झालेला होता. अटॅक नव्हता, पण वाटेवर होता म्हणा. मी तिथल्या बाकावर बसलो. ही साऱ्या गावाची छाती ऐकत फिरली, आणि हिच्या छातीला कान कुणी लावला? कुणी नाही! मी रोज शेजारी झोपणारा माणूस... जाऊ द्या.

आता गोळ्या तिच्या चालू आहेत, आणि देतो मी. "घेतलीस का?" विचारलं की म्हणते, "तुम्ही हात हलवा आधी!" पण दम कमी झालाय, जिना चढते, कपाळाला आठी नाही. स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करतो, मीठ चिमटीनं, तेल थेंबानं. झुंबरराव तिला म्हणाले, "लंके, तुझ्यामुळं हाय मी." ती म्हणाली, "मग बिडीकडं बघू नका." एवढंच. अशी बाई आहे ती!

पण पोटाचं काय हो? परवा ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. लंकाला दुसरीकडं जायचं होतं, मी एकटा! म्हटलं, आज कोण अडवतंय? पंगतीत बसलो. आमटीचा पहिला भुरका मारला... खारट! भजं तोंडात घातलं... तेलकट! शेजारचे मिटक्या मारतायत, आणि मी पाणी पितोय! आता काय बोलायचं? वसाहत तिच्या बाजूला गेलीच होती, मल्हारी गेला होता... आता माझी स्वतःची जीभपण गेली!