गिरणीमागचे लाकडी घोडे

मूलच्या जत्रेचा विषय निघाला का मी चहाच्या कपात तोंड लपवतो, ते काऊन, आज सांगूनच टाकतो.

त्या वर्षी जत्रेत पहिल्यांदाच मोठा आकाशपाळणा आला होता, अन् दुकानं-पाळण्याईले जागा वाटून द्यायचं काम माह्याकडं होतं. रहीमचाचा दरवर्षी हातानं फिरवायचे लाकडी घोडे लावत. मी त्याईले म्हटलं, "चाचा, आता तुमच्या घोड्यावर कोन बसन? तिकडं भाताच्या गिरणीमागं लावा."

"पन भाऊ, मोठ्या पाळण्याले जे भेतीन, ते कुठी जातीन?"

"जे भेतीन ते घरी जातीन," मी म्हटलं. चार लोक हसले. मले लय बरं वाटलं.

उद्घाटनाले गळ्यात हार घालून पहिला मीच बसलो. माहा पाळणा वर जाऊन थांबला, कारण खालच्या पाळण्याईत लोक चढून राह्यले होते. मी मायच्या नावानं बोंबललो. अख्ख्या जत्रेनं ऐकलं. उतरलो तं पाय लटलट कापत होते, अन् रांगेतले अर्धे लोक लेकरं घेऊन घराकडं निघाले होते.

मी तोंड लपवत गिरणीमागं गेलो. चाचा एकटेच घोडे पुसून राह्यले होते. मले वाटलं, आता टोमणा मारतीन. त्याईनं माह्या पायाकडं पाह्यलं, एका घोड्याची धूळ झटकली अन् म्हटलं, "बसा भाऊ. हळूच फिरवतो."

मी बसलो. गळ्यात हार तसाच होता, अन् तो म्हातारा हातानं मले फिरवत होता.