लुशियसचा पाय

(शिकागोतलं काळ्या लोकांचं थिएटर, १९१९. महायुद्धावरून परतलेल्या काळ्या पलटणीचं रीळ दाखवून दुपारचा खेळ संपलाय. हेस्टर, तिची नणंद ओडेसा आणि हातानं मशीन फिरवून सिनेमा दाखवणारा प्रॉक्टर.)

हेस्टर : लंगडत होता गं. या डोळ्यांनी पाहिलं.

ओडेसा : वहिनी, एवढ्या पलटणीत तो आपला लुशियसच कशावरून?

हेस्टर : बोटीवरून उतरल्यावर कमानीखाली मान कोणी घातली खाली? कमान दोन मजले उंच! आपल्या दारात कपाळ आपटून आपटून लागलेली खोड ती. आईला कळणार नाही?

ओडेसा : ते मात्र खरं. असला येडबंबू दुसरा नाही.

हेस्टर : 'पायाला जरासं लागलंय, काळजी नको' म्हणून कळवलं मेल्यानं. तिकडे फ्रान्सात कापला असणार, लाकडाचा बसवला असणार. म्हणून तर अजून छावणीत ठेवलाय.

ओडेसा : काहीतरी अभद्र बोलू नकोस!

प्रॉक्टर : मावशी, झाडायचंय. उठता का?

हेस्टर : नाही उठत. ते शिपायांचं रीळ परत दाखव.

प्रॉक्टर : मालक मला घरी बसवेल!

ओडेसा : गोऱ्यांच्या थिएटरात आम्हाला माळ्यावर पिटाळतात. इथं थिएटर आपलं, पोरं आपली, आणि तूही नाहीच म्हण!

प्रॉक्टर : पण पाहायचंय काय एवढं?

हेस्टर : माझ्या पोराचा पाय. लंगडतोय तो.

प्रॉक्टर : तो शेवटचा, उंच? अहो, मग त्याच्या पुढचा नाही लंगडत? आणि घोड्यावरच्या साहेबाचा घोडा?

हेस्टर : घोडा... उड्या मारत होता खरा.

प्रॉक्टर : दोष माझ्या हाताचा, मावशी. मालकाला दिवसाला एक खेळ जास्त हवा, म्हणून हँडल भराभर फिरवतो. मग सगळेच ठेचकाळतात.

ओडेसा : अरे मुडद्या! आमचा जीव टांगणीला लावलास की!

हेस्टर : मग हळू फिरव.

प्रॉक्टर : फार हळू नाही हं, दिव्याच्या आचेनं रीळ पेटतं. बसा.

ओडेसा : आले, आले! काय ताठ चालतायत बघ. नाहीतर इथे आपल्याकडून नुसती ओझी उचलून घेतात.

हेस्टर : गप्प बस. तो बघ, घातली मान खाली!

ओडेसा : डावा... उजवा... डावा...

हेस्टर : गुडघा वाकतोय गं! दोन्ही वाकतायत! लाकडाचा वाकेल का असा? डावा जरा जपून टाकतोय, बस्स. येशूबाबा, तुझे उपकार फेडू कसे!

ओडेसा : आता रडतेस कशाला? हस की!

प्रॉक्टर : झालं ना समाधान, मावशी?

हेस्टर : झालं रे बाबा. आता एकदाच, मालकाला आवडतं तसं भराभर फिरव.

प्रॉक्टर : आता का?

हेस्टर : लवकर घरी येऊ दे.