सोमवारी तवा चढत न्हाय

आता कुठून सुरू करू बगा. माझं माहेर तिकडं अक्कलकोटाच्या पल्याड, कर्नाटकाला लागून, घरात कानडी, शाळेत मराठी, आन भांडायला दोनी. बाप जवारी आन तूर करायचा, आई भाकरी थापायची, आन मला अक्षर कळायच्या आदी भाकर कळली, खोटं न्हाय सांगत, आई म्हणायची ही पोरगी रडायली तर पिठाचा गोळा द्या हातात, गप बसंल. मग लगीन करून अणदूरला दिलं, इथं येऊन बगते तर सासूबी कानडी बोलणारी, म्हणजे निम्मं माहेर इथंच गावलं म्हणायचं. आमच्यात सासूला अत्ती म्हणत्यात. तुमी म्हणालात, महानंदाताई तुमचं सांगा, पर अत्तीला वगळून माझ्यात सांगायसारखं काय ऱ्हातंय, काय सांगू तुमाला.

आन अत्तीचं सांगायचं तर आदी बैलांचं सांगाय पायजे. हसू नका. आमचे सासरे, त्यांना आमी मामा म्हणायचो, ते सोमवारी बैल जुंपायचे न्हायीत. आमच्या लोकात हे जुनंच हाय, सोमवार महादेवाचा, बैल म्हणजे नंदी, मग सोमवारी त्याच्या मानंवर जू ठेवायचं न्हाय. आता कोण पाळतंय, ट्रॅक्टरला कुठला आलाय सोमवार. मामा मातर पाळायचे. मी नवी नवी आले त्या साली रब्बीच्या पेरणीला नेमका सोमवारीच वाफसा आला, रानात पेरणीजोगी वल झाली, सगळ्या शिवारात पेरायच्या पाभरी सुटल्या, आन आमचे मामा दारात बसून बैलांच्या खांद्याला करडीचं तेल चोळायलेत. शेजारचा एक जण बांधावरनं वरडला, अहो काका, वल उडून जाईल की, महादेव येणार हाय का पेरायला? मामांनी मान वर केली न्हाय. म्हणाले, बाबा, ह्याला तोंड हाय पर सांगता येत न्हाय, म्हणून ह्याचा दिस आपुन धरायचा. मला त्यावक्ती लई हसू आलं, पदर तोंडात घालून आत पळाले. अठरा इसाव्या वर्षी काय कळतंय माणसाला.

मामा गेल्यावर शेतात आमचे मालक, म्हणजे नवरा, एकटे पडले, तर म्या म्हणलं आपुनबी काय तरी करावं. मला येतंय काय? भाकर. ती बी कडक भाकर, आमच्या भागाची. जवारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, पातळ थापायची, इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा, तव्यावर शेकायची आन मग आराच्या, म्हणजे निखाऱ्याच्या कडंला उभी करून सावकाश वाळवायची. पापडावानी कडकडीत हुती, म्हैना म्हैना ऱ्हाती, कुठंबी न्या. पयल्यांदा शेजारच्या लग्नात करून दिल्या. तिथं जेवलेल्यांनी आपल्याकडच्या कार्याला मागितल्या. मग तुळजापुरात जेवणाचं हॉटेल चालवणारे एक आण्णा हायेत, त्यांनी दर आठवड्याला घ्यायचं कबूल केलं. शेजारच्या फरीदाआपा हाताखाली आल्या, हाताखाली म्हणजे काय, बरोबरीनंच, त्यांचा आर लावायचा हात लई नामी, एक भाकर करपू देणार न्हायीत. आन मग सुरूच झालं बगा. पाटंला उठायचं, थापायचं, दुपार झाली थापायचं, दिवेलागण झाली तरी थापायचं. लोक म्हणायचे महानंदा म्हणजे वाघीण हाय, आन मला बरं वाटायचं. वाघीण म्हणलं की आणखीन दोन पायल्या पीठ मळायचे.

सगळ्यात वंगाळ दिस म्हणजे सोमवार. तुळजापुरात मंगळवारी देवीला लई गर्दी, आण्णांना मंगळवारी सकाळी माल पायजे, आन त्यांचा हट्ट असा की भाकर आदल्या दिशीचीच पायजे, ताजी. म्हणून सोमवारी आमचा तवा उतरायचाच न्हाय. पर अंग कुठवर ऐकणार? आदी भूक गेली. दिसभर भाकरी करणारी बाई, आन मला भाकर नको वाटायची. मग झोप गेली. मग जीभ सुटली, मालकांवर खेकसायचं, फरीदाआपांवर खेकसायचं, कुत्रं दारात आलं तर त्याच्यावर. आन मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. म्या म्हणलं थंडी हाय. थंडी गेली, मुंग्या ऱ्हायल्या. एक दिस तव्यावरची भाकर उलटताना बोट तव्याला लागलं आन मला कळलंच न्हाय. वास आला तवर कळलं न्हाय ओ! फरीदाआपांनी हात वढला माझा, या अल्ला, अगं बोट भाजलं तुजं. आन मी बगायलेय बोटाकडं, जणू दुसऱ्याच बाईचं हाय.

सोलापूरच्या डाक्टरनं हात दाबून बगितला, सुई टोचून बगितली. म्हणला, बाई, मनगटात नस दबलीय, थापणं बंद करा, असंच चालू ठिवलं तर हात कायमचा जाईल. यष्टीत बसून आमी माघारी निघालो. मालक म्हणाले, सोडून दे, आपलं काय अडलंय. त्यांचं काय अडलंय म्हणा, त्यांना शेत हाय. मला काय हाय? ह्या हातानं माझं नाव झालंय, पंचक्रोशीत माझ्या भाकरीवर बोट ठिवून लोक सांगत्यात ही महानंदाची. हात गेला तर मग मी कोण? आन सोडला धंदा तरी मी कोण? असा पेच. दुसऱ्या दिशी इतवार, म्या रागारागानं चूल पेटवली आन डाव्या हातानं थापाय बसले, निम्म्या भाकरी मोडल्या, मोडल्या तशा मी रडले, पर उठले न्हाय.

अत्ती हे सगळं बगायली होती. ती काय गोड बोलणारी बाई न्हाय हं. वठावर शिवी, हातात काम, असं तिचं. सोमवारी सकाळी म्या न्हाऊन चुलीकडं आले तर बगते काय, माझा तवा पालथा घालून पाटावर ठिवलेला, त्याच्यावर विभूतीचे तीन पट्टे वढलेले, बेलाचं पान, शेवंतीचं फूल, फुडं गुळाचा खडा. म्या म्हणलं, अत्ती, हे काय ओ? म्हणली, दिसत न्हाय का, तवा पूजलाय. म्हणलं, अहो उद्या मंगळवार, आण्णाचा माल जायचाय! म्हणली, जाईल न्हाय तर न्हाय जाणार. खंडेनवमीला अवजार पूजल्यावर त्या दिशी कोण हात लावतंय का? पूजलेला तवा चुलीवर चढत न्हाय. लाव हात, बगते मी.

आता तुमीच सांगा, विभूती लावलेला तवा मी कसा उचलू? लई राग आला. म्या म्हणलं, तुमाला माझं बरं बगवत न्हाय. म्हणू ने ते म्हणले. तिला काय फरक पडतोय. तेलाची वाटी घिऊन आली, मघाशी बैलांचे खांदे चोळले तीच वाटी, माझ्या म्होरं बसली, माझा उजवा हात मांडीवर घेतला आन कोपरापासून बोटांपतूर चोळायला लागली. आन बोलायला लागली. म्हणली, तुजे मामंजी म्हणायचे बैलाला सांगता येत न्हाय. तुला तर सांगता येतंय, आन तू सांगत न्हाईस, मग तू बैलाच्याबी खालची झालीस की गं! डाक्टर म्हणतो सोड, नवरा म्हणतो सोड. सोडायचं कशाला? बैल थकला म्हणून आपुन काय त्याला सोडून देतो का? एक दिस जुंपत न्हाय, बास. धा वरसं चालतोय बैल त्याच्यावर. साक, म्हणली. कानडीत साक म्हणजे पुरे. साक, महानंदा, साक.

बाई गं. इतकी मोठी माणसं, इतकं शिकलेली, सोड न्हाय तर मर एवढंच सांगत होती मला, आन हिनं मधली वाट काढली, ती बी गोठ्यातनं.

पर आण्णा काय गोठ्यातले न्हायीत, ते आले तणतणत. ताई, सोमवारचा माल न्हाय म्हणजे काय, मंगळवारी माझ्या दारात रांग लागती, माल शनवार-इतवारचा घिऊन मी शिळं वाढू का? मी मान खाली घालून उभी. आन अत्ती आतनं म्हणली, ओ आण्णा, ती भाकर कडक कशापायी करत्यात? आण्णा म्हणाले, टिकावी म्हणून. किती टिकती? म्हैना टिकती की. मग, अत्ती म्हणली, म्हैना टिकणाऱ्या भाकरीला सोमवारची ताजी कशाला पायजे तुमाला? भजं हाय का ते?

फरीदाआपा पदराआड हसायल्या. अहो खरंच की! टिकावी म्हणून जी भाकर आपल्या आज्या-पणज्यांनी काढली, शेताला न्यायला, लांबच्या वाटंला न्यायला, ती आमी ताजी ताजी म्हणून जीव काढून करायलोत, आन इतक्या वर्सात एकाच्याबी ध्यानात येऊ ने? आण्णांनी त्या दिशी ऐकलं न्हाय म्हणा, तोंड फुगवून गेले, दुसरीकडनं घ्यायला लागले. लई दिस न्हाय आले. मला घोर लागला, दर सोमवारी वाटायचं उचलावा तवा. पर तो आपला विभूती लावून बसलेला. मग आले एक दिस, म्हणाले, इतवारीच पाठवा, तुमच्यासारखा पापुद्रा कुणाला येत न्हाय. निम्माच माल घेत्यात अजून, रुसवा हाय थोडा. घेऊ द्या.

आन अत्तीनं बाकीच्या दिसालाबी वळण लावलं. म्हणली, पीठ बगून थापू नका, आर बगून थापा. म्हणजे सकाळी एकदा लाकडं घालायची, तो आर जवर धग देतोय तवर काम, आर विझत आला की उठायचं, नवीन लाकूड घालायचं न्हाय. आन थापणारीनं आराकडं जायचं, आराकडचीनं थापायला यायचं, आलटून पालटून. फरीदाआपांच्या भाकरीचे पयले नकाशे व्हायचे, आता त्या माझ्याहून पातळ थापत्यात, त्यांच्यादेखत म्हणत न्हाय एवढंच. हात माझा हळूहळू आला. समदा न्हाय आला, दोन बोटं थंडीत अजून जड पडत्यात, पर तवा पोळतो आता. पोळतो म्हणून मला किती आनंद व्हतो, सांगून खरं वाटणार न्हाय तुमाला.

आता खरं सांगायचं ऱ्हायलंच की. असेच सोमवार चाललेले, मी जेवून, अंगाला तेल लावून, लोळत पडलेले, आन एक दिस पडल्या पडल्या माझं ध्यान गेलं. गोठा कोण झाडायलंय? अत्ती. घरच्या धाकट्या तव्यावर सगळ्यांना गरम भाकर कोण घालायलंय? अत्ती. माझा सोमवार ती वढायली होती, तिच्या त्या वाकलेल्या कमरंनं! मला सोडवून तीच जुंपली गेलेली, आन मला सुगावा न्हाय. म्हणलं, थांब बाई.

फुडच्या सोमवारी मी तिच्या आदी उठले. गोठा मालकांना लावला झाडायला. चूल पेटवलीच न्हाय. ताटात घरातली कडक भाकर, शेंगाची चटणी, दही, कांदा. अत्ती बाहेर आली आन थंड चूल बगून किंचाळली, मेलं का कोण घरात? चूल बंद म्हणजे मयत झालेलं घर गं! विकायची भाकर घरात वाढतीस, लाज न्हाय? म्या म्हणलं, बैलाला सोमवार, तव्याला सोमवार, मग चुलीला का न्हाय? आन तुमाला का न्हाय? म्हणली, मी काय बैल हाय का? म्या म्हणलं, न्हाय, बैलाच्याबी खालच्या हायात, सांगता येऊन जो सांगत न्हाय तो खालचा, तुमीच म्हणालात की. लई शिव्या घातल्या तिनं. मी तिचा दंड धरला, वट्यावर नेलं आन कानडीत म्हणलं, अत्ती, कुंद्री. बसा.

बसली. मी करडीचं तेल घिऊन तिच्या पायाला लावाय लागले. तिला हाताचं काय करावं कळंना, सारखी पदराची घडी करायची, मोडायची, गवताची काडी उचलायची, टाकायची. मग हात मांडीवर ठिवले. म्या वर बगितलं तर डोळ्यातनं पाणी चाललेलं. म्हणलं, दुखायलं का? मान हलवली. म्हणली, लगीन करून आले त्यावक्ती परकर नेसत हुते गं. उठ म्हणलं, दळ म्हणलं, पाणी आण म्हणलं, सासूनं म्हणलं, नवऱ्यानं म्हणलं, पोरांनी म्हणलं. बस म्हणलेली तूच पयली.

तेलाच्या हातानंच तिला मिठी मारली, दोघी रडलो मनसोक्त, मालक शेणाची पाटी घिऊन उभे, त्यांना कळंना कुणाचं काय झालं.

ती बगा, बसलीय तिथं लिंबाखाली. आज सोमवार हाय म्हणून तर मी तुमाला इतकी गावले. आता कमी ऐकू येतंय, दिसतंय थोडं, पर रस्त्यानं डोक्यावर वझं घिऊन कुणी बाई चालली की हाक मारती, ये गं, टेक जरा. एखादी टेकती, एखादी जाती फुडं. देव तिला असंच बसलेलं ठिवो, माझं आणखीन काय मागणं न्हाय. चला, लई लिहिलंत सकाळपासून, पेन ठिवा ते खिशात आन तिच्याशेजारी जाऊन बसा, मी दही आणते.