परेरा चाळीचे मालक

विषय : आमचे सहकारी श्री. परेरा यांना सरकारी क्वार्टर मिळणेबाबत.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशकात घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली, म्हणून परेराने अर्ज केला. आमच्या पिंपळगावकर साहेबांनी त्यावर शेरा मारला : अर्जदाराची देवळाली कॅम्पात परेरा चाळ आहे, सबब क्वार्टर देता येत नाही.

"साहेब, तो परेरा वेगळा. तो केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेला. आमचं नुसतं आडनाव एक."

"परेरा चाळ परेरांची नाही, तर काय कुलकर्ण्यांची?"

"मग तुम्ही पिंपळगावकर. सगळं पिंपळगाव तुमचं?"

"मी क्वार्टर मागितलेलं नाही," साहेब म्हणाले. "चाळ तुमची नाही, असं भाडेकरूंकडून लिहून आणा."

रविवारी मी आणि परेरा बसने कॅम्पात गेलो. नळावरच्या बाईंनी नाव विचारलं, याने सांगितलं, आणि त्या ओरडल्या, "अहो, बाहेर या! मालक आले!"

बघता बघता चाळ जमली. जो तो याला ओढून आपलं गळकं छप्पर दाखवू लागला.

"मी तो परेरा नाही हो!"

"गळतीचं नाव काढलं की आधीचे मालकही हेच म्हणायचे," एक आजोबा शांतपणे म्हणाले.

शेवटी लिहून मिळाला तो छप्पर दुरुस्तीचा अर्ज. 'मालक परेरासाहेब' यांच्या नावे, सगळ्यांच्या सह्यांनिशी. सोमवारी साहेबांनी तो याच्या हातातून घेतला आणि मालकीचा पुरावा म्हणून फायलीला लावला.

मी निवृत्त झालो तेव्हा परेराचा क्वार्टरचा अर्ज विचाराधीन होता. परेराकडे आलेला छपराचाही.