‘मागे कोणी बसतं का?’

…आणि वर बायको म्हणते, “हौस तुमची आणि नाव बाबांचं!” आता तुम्हीच सांगा, माणसाने वडिलांसाठी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेऊ नये? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एक दिवसाआड व्यायामाला न्यायचं, बसच्या पायऱ्या त्यांच्याने चढवत नाहीत… सगळं बाबांसाठीच हो!

पहिल्या दिवशी काय थाटात बसले मागे! माझ्या खांद्यावर हात, आणि सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याला सांगतायत, “मुलाने घेतली. माझ्यासाठी!” ओळख ना पाळख! छाती फुगली हो माझी. तिथेच थांबायचं ना? पण नाही! मी गेलो ॲक्सेसरीजच्या दुकानात… फक्त बाबांना धरायला एक दांडी बघायला, आईशपथ!

तर तुम्हाला सांगतो, तो दुकानदार म्हणजे नुसता मध! “साहेब, अशी गाडी आणि असे दिवे?” झालं! फॉग लाइट घेतले, बाबांना खड्डे दिसावेत म्हणून. समोर मोठी काच, बाबांना वारा लागू नये म्हणून. खाली निळे दिवे… बायको म्हणाली, “हे कशाला?” म्हटलं, बाबांना पाय कुठे ठेवायचा ते कळायला नको? गाडी मुळात मुकी, म्हणून इंजिनाचा आवाज काढणारा भोंगासुद्धा घेतला! सगळं बाबांसाठीच हो!

मग त्याने ते सामानाचे डबे दाखवले. ॲल्युमिनियमचे, तीन! दोन बाजूला, एक वर. मी हात फिरवला… आणि गेलो कामातून! दुकानातला मेकॅनिक म्हणाला, “मागचं सीट काढावं लागेल, साहेब. मागे कोणी बसतं का?” आणि मी… या तोंडाने… म्हणालो, “छे! कोणी नाही!”

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीची पँट घालून, हेल्मेटचा पट्टा लावून खाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली. “अरे, बसायचं कुठे?” मी आपला काच पुसायला लागलो. त्यांनी वरच्या डब्यावर टकटक केलं आणि म्हणाले, “मजबूत आहे हं! तू हो पुढे, मी येतो चालत.” चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं हो! हे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं!

तसाच धावलो मेकॅनिककडे. तो म्हणतो, “जुनं सीट दुसऱ्या गाडीला बसवलं की, साहेब! तुम्हीच म्हणालात ना, कोणी नाही? नवीन यायला दोन महिने!”

म्हटलं, बाबा, टॅक्सी करू. ऐकतील तर शपथ! “एवढी गाडी घेतलीस माझ्यासाठी आणि टॅक्सी कशाला?” आणि त्या व्यायामवाल्या बाईंनी विचारलं, “कसे आलात?” तर काय सांगावं यांनी? “मुलाच्या गाडीबरोबर!” खोटं नाही हो एक अक्षर! त्यांची घडीची काठी वरच्या डब्यात, पाण्याची बाटली उजव्या, टॉवेल डाव्या. तेव्हा कुठे मनाला जरा… सगळं बाबांसाठीच, नाही का?

आता एक दिवसाआड आमची वरात निघते. फूटपाथवरून बाबा हेल्मेट घालून चालतायत, शेजारून मी गोगलगायीच्या वेगाने गाडीवर, निळे दिवे लावून. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देतात, मी मुकाट खातो. अर्ध्या वाटेत बाबा थांबतात, कपाळाचा घाम पुसतात आणि मला विचारतात, “दमलास का रे? टेकूया जरा?”