मागच्या बाकावरच्या बाई

दाताच्या दवाखान्यात माझा नंबर अगदी शेवटी होता, त्यामुळे दोन्ही कान मोकळेच होते! शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी शिक्षिका व्हायला शिकत होती आणि एका शाळेत सराव पाठांसाठी जात होती.

“ताई, ऑनलाइन वर्गासाठी केलेला माझा व्हिडिओ मोठ्या बाईंना फार आवडला.”

“मग अशी तोंड पाडून का बसलीस?”

“आता सगळ्या तुकड्यांना तोच दाखवतात.”

“आणि तू काय करतेस?”

“प्रोजेक्टर लावते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते.”

“बसून पास होशील की, वेडाबाई!”

“चेष्टा नको ना गं. परवा सराव संपतोय, आणि मी एकदाही फळ्यापाशी उभी राहिलेली नाही.”

“मग सांग त्यांना, मला शिकवू द्या म्हणून.”

“सांगितलं. म्हणाल्या, व्हिडिओत तू अडखळत नाहीस, आणि मुलंही गप्प बसतात.”

“खरंच गप्प बसतात?”

“काल एका मुलीनं हात वर केला. पडद्याकडे बघून.”

“मग?”

“मी उठून पुढे जाईपर्यंत तिनं तो खाली घेतला होता.”